चौथी वायर

गुलजारभाई तांबोळींनी एखादं मशीन ठणठणीत आहे असं सांगितलं, की त्या मशीनला आजारी पडायची सोय उरत नसे. बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या दाटीत, त्यांचं सात फुटी दुकान. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे फार तर मिक्सर दुरुस्त होत असतील. पण आसपासच्या ज्या ज्या माणसाकडे पोकलेन होतं, त्याच्या फोनमध्ये गुलजारभाईंचा नंबर होता. पोकलेनची सगळी ताकद तेलाच्या दाबात, आणि तेल, पंप, सिलिंडर बघणारे मिस्तरी पुण्यात पैशाला पासरी. त्या तेलाला हुकूम सोडणाऱ्या वायरी ज्याला कळतात असा माणूस मात्र विरळा. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही चांगला पार्ट उगाच बदलायला लावला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत, कारण सांगणारे दुसरे पुष्कळ होते.

अशा माणसाचं चुकलं की मोठी पंचाईत होते. तुमचीआमची चूक चारजण मिळून पकडतात आणि वर हसतातही. नावाजलेल्या माणसाची चूक पकडायला कुणी जात नाही, आणि तो स्वतः तर मुळीच जात नाही.

एप्रिलमधल्या एका बुधवारी संध्याकाळी गुलजारभाई दुकान आवरत होते, तेव्हा समोर एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीच्या आतली, अंगात खाकी शर्ट, हातात साइटवरचं पिवळं हेल्मेट, भुवयांवर मातीची पूड.

"काय पाहिजे, ताई?"

"मी आम्रपाली. सदाशिव पेठेतल्या साइटवर दीनानाथशेठचं पोकलेन चालवते."

गुलजारभाईंना ती साइट आठवली. जुनी तीन मजली सोसायटी पाडून तिथे नवी इमारत व्हायची होती, आणि सध्या पार्किंगसाठी दोन मजले खोल खड्डा चालला होता. समोरच्या सोसायटीने बिल्डरकडून लिहून घेतलं होतं की दुपारी एक ते चार मशीन बंद. दहा दिवसांपूर्वी दीनानाथशेठनी बोलावलं म्हणून गुलजारभाई गेले होते ते दुपारी तीनला. मशीन तेव्हा रिकामं असतं, कामाचा खोळंबा होत नाही. आजवर जे जे मिस्तरी तिथे गेले, ते सगळे त्याच हिशेबाने त्याच वेळी गेले होते. इंजिन सुरू करायची मुभा नव्हती, म्हणून नुसती चावी फिरवून त्यांनी एकेक कनेक्टर सोडवला आणि मीटर लावला. जिथे चोवीस व्होल्ट हवे तिथे चोवीस मिळाले. अर्ध्या तासात त्यांनी निकाल दिला होता, "मशीनमध्ये काही नाही, शेठ. हात बघा."

हात म्हणजे ऑपरेटरचा. तो ऑपरेटर कोण, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पत्र्याच्या सावलीत एक बाई डबा खात बसली होती एवढं त्यांना पुसटसं आठवत होतं.

"शेठनी सोमवारपासून दुसरा माणूस बोलावलाय," आम्रपाली म्हणाली. "म्हणाले, गुलजारभाई बोलले म्हंजी विषय संपला. चाचा, मी सहा वर्षं सीटवर हाय. वाघोलीतले निम्मे खड्डे मी खांदलेत. मशीनला कायतरी झालंय. दोनतीन तास काम झालं, गरम झालं, की जीवच जातोय त्याचा. तुम्ही आला तवा ते गार झालं होतं."

गुलजारभाईंना राग आला. पहिल्यांदा तो तिचाच आला, कारण तो सोपा होता. "मग हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

बोलण्यात चढा सूर नव्हता. तिने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. गुलजारभाईंनी शटर अर्धं खाली ओढलं, मग थांबले. "उद्या अकराला येतो," ते म्हणाले. "शेठला आत्ता काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी अकराला ते साइटवर पोचले, एका दगडावर रुमाल टाकून बसले आणि जवळजवळ दीड तास नुसते बघत राहिले. हात बघा म्हणून सांगून आले होते, तो हात आता पहिल्यांदा बघत होते. बाईचा हात मोठा सफाईदार होता. बकेटचे दात खडकाच्या सांध्यात बरोबर जात होते, भरलेली बकेट डंपरवर जाताना हिसका बसत नव्हता, आणि माती हौद्यात पडायची ती आपटून नव्हे, ओतल्यासारखी. घाईने लिव्हर ओढणारे शंभर ऑपरेटर त्यांनी पाहिले होते. ही त्यातली नव्हती.

बारा पंचवीसला भरलेली बकेट वर येता येता रेंगाळली. इंजिनचा सूर तोच, धूर तोच, पण मशीनची लांब सोंड, बूम, उचलेना. म्हाताऱ्या माणसाने गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशी ती वर आली. आम्रपालीने काचेतून गुलजारभाईंकडे पाहिलं.

"इंजिन बंद करू नकोस," गुलजारभाई ओरडले आणि पेटी घेऊन उठले.

पोकलेनच्या पंपावर एक कॉइल असते. कंट्रोलर तिला जितका करंट देतो, तितकं तेल पंप सोडतो. करंट कमी पडला की पंपाला वाटतं काम हलकं आहे, आणि तो आरामात चालू लागतो. गुलजारभाईंनी त्या कॉइलच्या वाटेत मीटर जोडला. सातशे मिलिअँपिअरच्या आसपास आकडा हवा होता, आला तीनशे दहा. कॉइल तपासली, ती धडधाकट. कंट्रोलर पुरेपूर करंट सोडायला बघत होता. म्हणजे दोष होता मधल्या वायरीत, आणि ती वायर केबिनमागून निघून तेलाच्या टाकीला वळसा घालून चांगली चार मीटर जात होती. मशीन गरम आहे तोवरच तो सापडणार होता.

"अहो! एक वाजला!"

समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक वयस्कर बाई उभ्या होत्या. आम्रपालीने केबिनमधून वाकून सांगितलं, "सुशीलाबाई. शाळेत शिकवायच्या. एकदा एक वाजून दोन मिनिटं झाली तर बिल्डरला फोन केला होता."

गुलजारभाई हात पुसत जिना चढून वर गेले. सुशीलाबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"बाई, मी इलेक्ट्रिशियन. मशीनमध्ये बिघाड आहे, तो गरम असतानाच दिसतो. आज तासभर चालू राहू दिलंत तर मेहेरबानी होईल."

"बिघाड मशीनचा आणि झोप माझी. यात माझा फायदा कुठला?"

"तुमचा काही नाही," गुलजारभाई खरं बोलले. "त्या चालवणाऱ्या मुलीचा आहे. बिघाड सापडला नाही तर सोमवारपासून तिची नोकरी जाते. सगळे म्हणतात तिलाच चालवता येत नाही."

"सगळे म्हणजे कोण?"

"पहिला मी."

सुशीलाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेल्या आणि दोनशे पानी वही घेऊन आल्या. "कॉर्पोरेशनला तक्रार करायची म्हणून महिनाभर टिपणं ठेवते आहे. ऐका. सात तारीख, बारा वीस, आवाजाचा जोर गेला, नुसती घरघर. आठ तारीख, बारा पस्तीस, तेच. नऊला ढग होते, त्या दिवशी बारा पन्नास. मला वाटलं, बिल्डरला केलेल्या माझ्या फोनला भिऊन हळू चालवतात." त्यांनी वही मिटली. "त्या मुलीला दोष द्यायच्या आधी एखाद्याने घड्याळ तरी बघायचं होतं. पावणेदोनपर्यंत चालवा. त्यापुढे एक मिनिट नाही."

गुलजारभाई जिना उतरले ते खाली मान घालून. ज्या म्हातारीला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही तिने महिनाभर बरोबर कान दिला होता, आणि त्यांनी अर्ध्या तासात निकाल देऊन टाकला होता.

त्यांनी आम्रपालीला इंजिन पूर्ण ताकदीवर ठेवून लिव्हर धरून बसायला सांगितलं. आता मीटर वेगळ्या पद्धतीने लावायचा होता. दहा दिवसांपूर्वी त्यांनी कनेक्टर सोडवून मोजलं होतं, आणि तोटी बंद असली की नळात पाण्याचा दाब पुरेपूरच दिसतो. धार बारीक आहे की नाही हे तोटी सोडल्यावर कळतं. हे ते स्वतः नव्या मुलांना शिकवत आले होते. बिघाड नसणारच अशी खात्री करूनच त्या दिवशी ते आले होते, म्हणून तेवढ्यावर भागवलं. आता चालू मशीनवर त्यांनी वायरीच्या एका टोकाला मीटरची एक पिन लावली आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. वायर निरोगी असेल तर आकडा शून्याजवळ हवा. मीटरने नऊ व्होल्ट दाखवले. एवढी ताकद वाटेतच कुणीतरी खात होतं.

ते एकेक वीत पुढे सरकत गेले. तेलाच्या टाकीमागे, हात जेमतेम जाईल अशा जागी, त्यांनी वायरींच्या जुडग्यावरचं प्लॅस्टिकचं नळकांडं उघडलं. आत चार वायरी होत्या. तिघींवर एकेक जांभळा ठिपका होता. चौथीवर नव्हता.

गुलजारभाईंचा हात तिथल्या तिथे थांबला.

तो रंग जगात दुसऱ्या कुणी वायरीवर लावला नसता. तो नेलपॉलिशचा होता, त्यांच्या मुलीच्या, माहेनूरच्या. लग्न होऊन गेली तेव्हा बाटली घरीच राहिली आणि ती त्यांनी पेटीत टाकली. वायर तपासायला त्यांच्याकडे टोकाला सुई असलेला टेस्ट लॅम्प होता. सुई वायरीच्या आवरणातून आत टोचायची, दिवा लागतो का बघायचं, आणि काढली की त्या भोकावर नेलपॉलिशचा थेंब लावायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. थेंब लावल्याशिवाय पुढची वायर नाही, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी, एका ऐन पावसात, हेच मशीन वाघोलीत बंद पडलं होतं आणि ते जाऊन सुरू करून आले होते. चार वायरी टोचल्या होत्या. थेंब तीन लावले होते.

चौथ्या वेळी काय झालं, कुणी हाक मारली, की चहा आला, की फोन वाजला, ते त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी चौथी वायर बोटांनी वाकवली. सुईएवढ्या भोकाभोवतीचं आवरण चिरलं आणि आतून तांब्याऐवजी हिरवी पूड बाहेर आली. दोन पावसाळे पाणी मुरत मुरत तारा एकेक करून खाल्ल्या गेल्या होत्या. ज्या काही शिल्लक होत्या त्या गार असताना कशाबशा टिकाव धरत आणि टाकी तापली की हात टेकत.

वर केबिनमध्ये आम्रपाली लिव्हर धरून समोर बघत बसली होती. तिला इथलं काही दिसत नव्हतं. गुलजारभाईंना लाज वाटली. कुणी पकडेल अशी नव्हे, कारण पकडायला तिथे कुणी नव्हतंच, खराब तुकडा कापून टाकला की पुरावाही गेला. त्यांना सरळ, साधी लाज वाटली. चूक आपली, शिक्षा हिला, आणि ती शिक्षाही आपल्याच तोंडून.

त्यांनी मशीन बंद करायला लावलं, वीतभर तुकडा कापला, नवी वायर जोडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली आणि जुडगा पुन्हा बांधला. कापलेला तुकडा मात्र फेकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. मशीन अजून तापलेलंच होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा मीटरवर सहाशे नव्वद आले, आणि बूम एका दमात आकाशाला भिडली.

"आली! ताकद आली, चाचा!" आम्रपाली केबिनमधून ओरडली. घड्याळात एक चाळीस झाले होते.

गुलजारभाईंनी फोन करून बोलावलं, तसे अडीच वाजता दीनानाथशेठ आले. वाघोलीहून गाडी दामटत आले होते आणि पेठेत ती लावायला जागा मिळेना म्हणून आधीच तापलेले होते. पण बातमी ऐकून खूश झाले. "मी म्हणतच होतो, गुलजारभाई! सापडलं तर तुमालाच सापडंल. काय झालतं?"

"पंपाची वायर सडली होती. आत पाणी गेलं."

"पाणी?" शेठनी लगेच आम्रपालीकडे बोट केलं. "मग बरोबर हाय! ही दर शनिवारी प्रेशरनं मशीन धुते. सांगून सांगून थकलो, बाई, लग्नातली गाडी हाय का ती? आता भोगा. ते काय नाय, सोमवारी नवीन माणूस येऊंदे. त्याला तरी धुवायची हौस नसंल."

मशीन आम्रपाली धूत होती हे खरंच होतं. पाणी कुठून गेलं हे तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा नाही तरी कशाच्या जोरावर म्हणणार? तिने गुलजारभाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याकडून तिने काही मागायचं आता सोडून दिलं होतं.

गुलजारभाईंना नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तरी छत्तीस वर्षांचं नाव आणखी उजळ होऊन निघालं असतं. पण त्यांनी खिशातून तो तुकडा काढला आणि शेठच्या तळहातावर ठेवला.

"हे भोक बघा, शेठ. सुईचं आहे. प्रेशरने धुतल्यावर असं भोक पडत नाही."

"मग कोणी पाडलं?"

"मी. दोन वर्षांपूर्वी वाघोलीत. सुई टोचली आणि भोक बुजवायचं विसरलो. पाणी त्यातून गेलं. आणि दहा दिवसांपूर्वी इथे आलो तेव्हा गार मशीन बघितलं, चालवणाऱ्या माणसाला एका शब्दाने विचारलं नाही, आणि हिच्या हाताला नाव ठेवून गेलो. तेही चुकलं. दोन्ही चुका माझ्या आहेत. हिची एकही नाही."

शेठनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "तुमीच असं म्हनाया लागला तर आमी इस्वास ठेवायचा कुनावर?"

"आज सकाळपासून मी हिचं काम बघतोय. हिच्यावर ठेवा."

"आन् त्या सोमवारच्या मानसाला काय सांगू?"

"सांगा, इलेक्ट्रिशियनचा हात चुकला होता."

शेठनी गाल खाजवला. मग फोन कानाला लावून रस्त्याकडे चालू लागले, आणि "नाय, नको येऊस, हाय माझा माणूस" एवढं दोघांनाही ऐकू आलं.

पत्र्याच्या सावलीत आता दोघंच उरली. आम्रपालीने डबा उघडला होता, पण जेवत नव्हती. गुलजारभाई तिच्यासमोर येऊन उभे राहिले. साठीला टेकलेल्या त्या माणसाला माफी मागायची सवय नव्हती.

"आम्रपाली, माझं चुकलं. मला माफ कर."

तिने मान हलवली. मग डब्यातली भाकरी मोडली आणि तशीच खाली ठेवली.

"नोकरीचं एक असूंदे, चाचा," ती म्हणाली. "कुठंतरी मिळाली असती. पण तुमी बोलला म्हनल्यावर मलाबी तसंच वाटाया लागलं होतं. दहा दिवस मी भाकरी थापताना हात बघायचे, थरथरतोय का म्हणून. पोराच्या शर्टाला बटन लावताना बघायचे. म्हनलं, एवढा मोठा माणूस बोलला, म्हंजी हातच गेला असंल आपला."

तिने दोन्ही हात पुढे धरले आणि पालथे करून पाहिले. ते स्थिर होते.

समोरच्या सोसायटीत सगळं निवांत होतं. दुकान उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती आणि फोनवर चार मिस कॉल पडले होते, पण गुलजारभाई त्याच दगडावर रुमाल टाकून बसले. चारच्या ठोक्याला आम्रपाली सीटवर चढली. दिवसाचा शेवटचा डंपर भरून बाहेर पडेपर्यंत ते तिच्या हाताकडे बघत तिथेच बसून राहिले.